आधी पाणी, मग कर्ज: शेतीसाठी सरकारी मदत शोधायची कशी?



चॅनलवर शेतीपूरक व्यवसायाचा कुठलाही व्हिडिओ टाकला की खाली एक प्रश्न हमखास येतो: "सर, सध्या कुठली योजना चालू आहे?" प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर देऊन कुणाचं भलं होत नाही. कारण योजना चालू आहे म्हणून शेततळं घेतलं, योजना चालू आहे म्हणून दालमिल टाकली, असं केलं की दोन वर्षांनी शेततळ्यात पाणी नसतं आणि दालमिलला तूर नसते. हप्ता मात्र दर महिन्याला असतो.

म्हणून आज उलट बाजूने सुरुवात करू. आपल्या शेताला नेमकं काय कमी आहे, ते आधी ठरवायचं. मग ती गरज सरकारच्या कुठल्या खिडकीत बसते ते बघायचं. आणि सगळ्यात शेवटी बँकेत जायचं. हा लेख थोडा मोठा आहे, पण वही घेऊन बसा. गावाकडे दोन-चार एकर आहे आणि त्यावर काहीतरी व्यवसाय उभा करायचाय, अशा प्रत्येकासाठी आहे.

पैसा चार प्रकारे येतो, हे आधी समजून घ्या

"सरकारकडून पैसे मिळतात" असं आपण एका वाक्यात बोलून टाकतो. खरं तर त्यात चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली म्हणजे थेट अनुदान. तुम्ही काम करता, बिल देता, तपासणी होते आणि पैसे खात्यावर येतात. ठिबक, शेततळं, फळबाग यांत हा प्रकार असतो. इथे कर्ज घ्यायलाच पाहिजे असं नाही, पण आधी खिशातून खर्च करावा लागतो.

दुसरी म्हणजे व्याज सवलत. कर्ज तुमचंच, फेडायचंही तुम्हीच, पण व्याजाचा काही भाग सरकार भरतं.

तिसरी म्हणजे कर्जाशी जोडलेलं अनुदान. बँकेने कर्ज मंजूर केलं तरच हे मिळतं. आणि हे तुमच्या हातात येत नाही, कर्जखात्याच्या बाजूला जमा होऊन राहतं. यातच सगळ्यात जास्त लोक फसतात, त्यामुळे पुढे आकड्यांसकट बघू.

चौथी म्हणजे कर्जहमी. तारण द्यायला पुरेसं नाही तेव्हा सरकारी हमी संस्था बँकेला सांगते, की हे कर्ज बुडालं तर काही भाग आम्ही भरू. याचा अर्थ तुम्ही फेडलं नाही तरी चालेल असा नाही. वसुली तुमच्याकडूनच होते.

कुणीही योजनेचं नाव सांगितलं की पहिला प्रश्न हाच विचारा: यातला प्रकार कुठला?

कागद पक्के नसतील तर पुढे वाचून उपयोग नाही

आता कागदपत्रं. कंटाळवाणं आहे, पण निम्मे अर्ज इथेच अडकतात.

सातबारा आणि आठ-अ ताजा काढा. सातबारा एका गटातली जमीन दाखवतो, आठ-अ तुमच्या नावावर गावात एकूण किती जमीन आहे ते दाखवतो. अल्पभूधारक की नाही हे एकूण क्षेत्रावर ठरतं. १ हेक्टरपर्यंत जमीन असेल तर अत्यल्पभूधारक, १ ते २ हेक्टर असेल तर अल्पभूधारक. १ हेक्टर म्हणजे साधारण अडीच एकर. ठिबकसारख्या योजनेत या एका शब्दाने अनुदानाचा टक्का बदलतो.

जमीन सामाईक असेल, म्हणजे भावाभावांची किंवा वडिलांच्या मागे अजून वाटणी न झालेली, तर बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र लागतं. ही गोष्ट घरात बसून शांतपणे आधी बोलून घ्या. अर्ज मंजूर झाल्यावर संमतीवरून वाद सुरू झाला, तर मंजुरी तशीच वाया जाते.

शेतकरी ओळखपत्र, म्हणजे आपण ज्याला फार्मर आयडी म्हणतो, ते काढलं नसेल तर आजच काढा. एप्रिल २०२५ पासून महाराष्ट्रात कृषी विभागाच्या योजनांसाठी ते बंधनकारक केलं आहे. आधार, मोबाईल नंबर आणि बँक खातं एकमेकांना जोडलेलं हवं, कारण पैसे आधारला जोडलेल्या खात्यावर जातात. आणि ई-पीक पाहणी दर हंगामात स्वतः करा. सातबाऱ्यावर विहिरीची किंवा पिकाची नोंदच नसेल, तर बँकेच्या आणि कृषी विभागाच्या लेखी ती विहीर आणि ते पीक नाहीच.

पहिली पायरी: माती आणि पाणी

मित्रांनो, आता मुख्य मुद्दा. संवर्धन म्हटलं की लोकांना वाटतं हे पर्यावरणवाल्यांचं काम. व्यवसायाच्या भाषेत सांगतो: तुमच्या शेताची माती आणि पाणी हे तुमचं भांडवल आहे. भांडवल दरवर्षी ओढ्याला वाहून जात असेल, तर त्यावर कर्ज काढून धंदा उभा करणं म्हणजे भोकाच्या बादलीत पाणी भरणं.

एक साधा हिशोब करा. १ हेक्टरवर १ सेंटिमीटर पाऊस पडला, तर १ लाख लिटर पाणी पडलं. तुमची ३ एकर जमीन आहे, म्हणजे साधारण १.२ हेक्टर. वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस धरला, जो आपल्या दुष्काळी पट्ट्यातही बऱ्याच वर्षी पडतो, तर तुमच्या शेतावर ६० लाख लिटर पाणी पडतं. पडतंय तर भरपूर. थांबतंय किती, हा प्रश्न आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार तुम्ही ऐकलं असेल. पोपटराव पवारांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. तिथल्या कामातली मला व्यवसायाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट म्हणजे पाण्याचा ताळेबंद. गाव पावसाचा हिशोब मांडतं आणि शिल्लक किती आहे ते बघून पिकं ठरवतं. जमा बघून खर्च ठरवायचा. दुकानदार हेच करतो ना?

तर तुमच्या शेतासाठी कुठल्या कामाला काय मदत आहे, ते बघू.

*बांधबंदिस्ती.* उताराच्या जमिनीत पाणी अडवायचं सगळ्यात स्वस्त काम. ही कामं बहुतेक वेळा पाणलोट कार्यक्रमातून, गावाच्या आराखड्यात धरून होतात. म्हणजे एकट्याने अर्ज करण्यापेक्षा ग्रामसभेत तुमच्या गटाचं नाव आराखड्यात येणं महत्त्वाचं. ग्रामसभेला जात नसाल तर पुढच्या वेळी जा. जलयुक्त शिवार २.० सारख्या कार्यक्रमांतली कामं अशाच गाव आराखड्यातून ठरतात.

*गाळ.* 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ पासून नव्याने राबवली गेली. तलावातला गाळ तुमच्या हलक्या जमिनीत टाकायला अत्यल्प आणि अल्पभूधारकांना घनमीटरला ३५ रुपये ७५ पैसे, एकरी जास्तीत जास्त १५,००० रुपये आणि अडीच एकरांपर्यंत मिळून ३७,५०० रुपये अशी मर्यादा ठरवलेली आहे. मुरमाड जमीन असलेल्या माणसासाठी हे काम पिकाचं रूप बदलणारं आहे. पण गाळ टाकण्याआधी माती परीक्षण करा. आधीच भारी काळी जमीन असेल, तर गाळाने निचरा आणखी बिघडतो.

*शेततळं.* मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत वैयक्तिक शेततळ्याला आकारमानाप्रमाणे जास्तीत जास्त ७५,००० रुपये अनुदान आहे. ३० बाय ३० मीटर आणि ३ मीटर खोल शेततळ्यात, बाजूंचा उतार धरून, साधारण २२ लाख लिटर पाणी मावतं. एका एकराला एक ५ सेंटिमीटरचं पाणी द्यायला सुमारे २ लाख लिटर लागतं. म्हणजे कागदावर ३ एकर तुरीला तीन संरक्षित पाणी. बाष्पीभवन आणि पाझर वजा केला तर दोन धरा. तूर फुलोऱ्यात असताना आणि शेंग भरताना मिळालेली ही दोन पाणी म्हणजे तुमचा धंदा. जमीन मुरमाड असेल तर अस्तरीकरणाशिवाय पाणी टिकणार नाही, तो खर्च आधीच धरा. आणि शेततळ्यात साधारण नऊ-दहा गुंठे जातात, तेही हिशोबात घ्या.

*ठिबक आणि तुषार.* केंद्राच्या योजनेत अल्प व अत्यल्पभूधारकांना ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान आहे. महाराष्ट्र शासन त्यावर पूरक अनुदान देऊन ते अनुक्रमे ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत नेतं. कमाल मर्यादा ५ हेक्टर. इथे एक बारीक गोष्ट आहे. ८० टक्के हे तुमच्या बिलाचे नाहीत, सरकारने ठरवलेल्या खर्चाच्या मापदंडाचे आहेत. समजा तुमचं बिल ७०,००० झालं आणि मापदंड ५०,००० चा निघाला, तर अनुदान ४०,००० मिळेल आणि तुमच्या खिशातून ३०,००० जातील. विक्रेता "ऐंशी टक्के मिळतात" एवढंच सांगतो. तुम्ही मापदंड विचारा.

*फळबाग.* भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत कोकणात १० हेक्टरपर्यंत आणि उर्वरित महाराष्ट्रात ६ हेक्टरपर्यंत लाभ घेता येतो. पैसे तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे मिळतात आणि झाडं ठरलेल्या प्रमाणात जिवंत असली तरच पुढचा हप्ता. म्हणून वर पाण्याचा हिशोब आधी केला. पाणी नसताना बाग लावली तर झाडंही जातात आणि पुढचं अनुदानही.

*सौर पंप.* 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के हिस्सा भरायचा असतो. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५ एचपी, त्याच्या वर साडेसात एचपी. हे काम महावितरणकडे आहे, कृषी कार्यालयात चकरा मारू नका.

अनुसूचित जातीच्या शेतकऱ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आणि अनुसूचित जमातीसाठी बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना आहे. त्यात नवीन विहिरीसाठी ४ लाखांपर्यंत मदत आहे. ह्या योजना जिल्हा परिषदेच्या कृषी विभागाकडून चालतात. तुमचं गाव नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात असेल, तर तेही तपासा. जागतिक बँकेच्या मदतीने २०१८ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाचा दुसरा टप्पा २१ जिल्ह्यांतल्या निवडक गावांत आहे. गाव यादीत असेल तर शेततळं, ठिबक, फळबाग यांचे काही घटक तिथूनच मिळतात.

पूर्वसंमतीशिवाय एक रुपयाही खर्च करू नका

हे वाक्य वहीत मोठ्या अक्षरात लिहा.

महाडीबीटी पोर्टलवरचा क्रम असा असतो: नोंदणी, अर्ज, निवड, कागदपत्रं अपलोड, पूर्वसंमती, मग खरेदी किंवा काम, मग बिल अपलोड, मग मोका तपासणी, मग खात्यावर पैसे. खूप जण काय करतात? निवड झाल्याचा मेसेज आला की दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन माल उचलतात. बिलाची तारीख पूर्वसंमतीच्या आधीची निघाली की अर्ज बाद होतो. मग तालुक्याला कितीही हेलपाटे मारले तरी उपयोग होत नाही, कारण तारीख बदलता येत नाही.

अजून दोन गोष्टी. पूर्वसंमतीलाही मुदत असते, त्या मुदतीत काम झालं नाही तर ती रद्द होते. आणि बिल पक्कं जीएसटीचं हवं, पैसे तुमच्या खात्यातून ऑनलाइन किंवा चेकने दिलेले दिसले पाहिजेत. रोखीने दिलेले पैसे नंतर सिद्ध करता येत नाहीत.

महाडीबीटीवर अर्जाचं शुल्क २३ रुपये ६० पैसे आहे. सेवा केंद्रवाला फॉर्म भरायचे वेगळे पैसे घेईल ते ठीक. पण "मंजूर करून देतो, दहा हजार द्या" असं कुणी म्हटलं, तर तिथून उठा.

कुठलं काम कुठल्या कार्यालयात?

गावपातळीवर तुमचा पहिला माणूस म्हणजे सहायक कृषी अधिकारी. त्यांचा नंबर मोबाईलमध्ये नसेल तर घ्या. त्यांच्या वर मंडळ कृषी अधिकारी आणि तालुका कृषी अधिकारी. ठिबक, शेततळं, फळबाग, यंत्रं, अन्नप्रक्रिया या सगळ्यांची चौकशी इथे.

पंचायत समितीतल्या कृषी अधिकाऱ्याचं कार्यालय वेगळं असतं, ते जिल्हा परिषदेचं. विहिरीच्या योजना तिकडे. बंधारे, नाला बांध अशा कामांसाठी मृद व जलसंधारण विभाग. उद्योगाच्या कर्ज योजनांसाठी जिल्हा उद्योग केंद्र. आणि बँकेच्या तक्रारीसाठी जिल्ह्याचे अग्रणी बँक व्यवस्थापक.

घरबसल्या चौकशी करायची असेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर आहे. मराठीत बोलता येतं, फुकट आहे.

दुसरी पायरी: पीक कर्ज नीट चालवा

उद्योगाचं मोठं कर्ज मागायच्या आधी बँक तुमचं छोटं कर्ज बघते. शेतकऱ्याचं छोटं कर्ज म्हणजे पीक कर्ज, किसान क्रेडिट कार्ड. ही सोय १९९८ पासून आहे.

त्याचं गणित असं. ३ लाखांपर्यंतच्या पीक कर्जाला ७ टक्के व्याज, आणि वेळेत फेडलं तर केंद्राकडून ३ टक्के सवलत, म्हणजे ४ टक्के. महाराष्ट्रात त्यावर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना आहे. २०२१ पासून ३ लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेत फेडणाऱ्याला ते शून्य टक्क्याने पडावं अशी तिची रचना आहे. काही ठिकाणी व्याज आधी भरावं लागतं आणि परतावा नंतर येतो, हे शाखेत विचारून घ्या. आणि १ जानेवारी २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने विनातारण शेती कर्जाची मर्यादा १ लाख ६० हजारांवरून २ लाख केली आहे. या मर्यादेपर्यंत तारण मागितलं, तर शांतपणे हा नियम दाखवा.

पीक कर्ज किती मिळेल हे शाखा व्यवस्थापकाच्या मर्जीवर नसतं. जिल्हा पातळीवर प्रत्येक पिकाचा कर्ज दर ठरतो. त्याला तुमचं क्षेत्र गुणायचं, त्यावर घरखर्चासाठी १० टक्के आणि शेतीच्या देखभालीसाठी २० टक्के जोडायचे. हा हिशोब स्वतः करून गेलात तर बोलणं सोपं होतं.

आता अवघड विषयावर बोलू. कर्जमाफी. आपल्या राज्यात २०१७ मध्ये दीड लाखांपर्यंत आणि २०१९ मध्ये २ लाखांपर्यंत कर्जमाफीच्या योजना झाल्या. पीक गेलं, भाव पडला, तेव्हा माफीने कित्येक घरं सावरली, त्याबद्दल दुमत नाही. पण ज्याच्याकडे फेडायला पैसे आहेत आणि तरी तो माफीची वाट बघत थांबलाय, त्याने हा हिशोब करावा. २ लाखांच्या कर्जावर ७ टक्क्यांनी वर्षाचे १४,००० रुपये व्याज. वेळेत फेडलं तर ते जवळपास वाचतं. थकलं तर सवलत जाते, दंडाची रक्कम चढते आणि खातं थकीत दिसायला लागतं. मग दोन वर्षांनी तुम्ही १२ लाखांच्या दालमिलसाठी गेलात, की सगळ्यात आधी तेच थकीत खातं समोर येतं. तुम्हाला उद्योजक व्हायचंय ना? मग तुमची पत हीच तुमची पहिली मशीन आहे.

आणि ज्याचं खातं खरोखरच नैसर्गिक आपत्तीमुळे थकलंय, त्याने गप्प बसू नये. दुष्काळ किंवा अतिवृष्टी जाहीर झाल्यावर कर्जाचं पुनर्गठन करून घेता येतं. बँकेला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

तिसरी पायरी: उद्योगाचं कर्ज

पाणी टिकलं, पीक दोन हंगाम बरं आलं, पीक कर्ज वेळेत फिरलं. आता प्रक्रियेकडे बघा. तीन खिडक्या लक्षात ठेवा.

एक, पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना. २०२० पासून आहे. प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, कर्जाशी जोडलेलं अनुदान. स्वतःचा हिस्सा किमान १० टक्के. बचत गटाच्या महिलांना छोट्या यंत्रांसाठी आणि खेळत्या भांडवलासाठी सदस्यामागे ४०,००० रुपये बीज भांडवल. या योजनेची चांगली गोष्ट म्हणजे प्रकल्प अहवाल करायला जिल्हा संसाधन व्यक्ती मदत करते. त्यांचं मानधन सरकार देतं, तुम्ही द्यायचं नाही.

दोन, कृषी पायाभूत सुविधा निधी. हाही २०२० चा. गोदाम, प्रतवारी, प्राथमिक प्रक्रिया अशा कामांच्या २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ७ वर्षांपर्यंत ३ टक्के व्याज सवलत, शिवाय कर्जहमीची सोय. वरच्या योजनेबरोबर हिची सांगड घालता येते.

तीन, कृषी पदवीधर किंवा पदविकाधारकांसाठी कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र योजना. आधी ४५ दिवसांचं मोफत प्रशिक्षण, मग २० लाखांपर्यंतच्या प्रकल्पाला ३६ टक्के, आणि महिला व अनुसूचित जाती-जमातीला ४४ टक्के अनुदान.

या योजनांना मुदत असते आणि ती वाढतही राहते. म्हणून अर्जाच्या आठवड्यात पोर्टलवर ताजा शासन निर्णय बघा, आणि आकडे त्याच्याशी पडताळून घ्या.

१२ लाखांची दालमिल: हप्ता कसा बसतो?

समजा बार्शीच्या बाजूला तुम्ही दालमिल टाकताय. शेड, यंत्र, वीज सगळं मिळून प्रकल्प १२ लाखांचा. स्वतःचा हिस्सा १० टक्के, म्हणजे १ लाख २० हजार. बँक कर्ज १० लाख ८० हजार. अनुदान ३५ टक्क्यांनी ४ लाख २० हजार.

लोक काय समजतात? ४ लाख २० हजार खात्यावर येतील, त्यातून तूर खरेदी करू. असं होत नाही. अनुदान कर्जखात्याला जोडलेल्या वेगळ्या खात्यात ठेवलं जातं. तेवढ्या रकमेवर बँक व्याज लावत नाही. तीन वर्षं खातं नियमित राहिलं आणि उद्योग चालू असला, तर ते कर्जात वळतं केलं जातं. खातं थकलं तर अनुदान परत जाऊ शकतं.

आता हप्ता. व्याज ११ टक्के आणि मुदत ५ वर्षं धरू. अनुदान जमा व्हायच्या आधी पूर्ण १० लाख ८० हजारांवर हप्ता साधारण २३,५०० रुपये. अनुदान धरून राहिलेल्या ६ लाख ६० हजारांवर हप्ता साधारण १४,३५०. फरक महिन्याला नऊ हजारांच्या वर. अनुदान यायला सहा-आठ महिने लागले, तर तेवढे महिने मोठा हप्ता भरायची तयारी हवी. म्हणून कर्ज मागतानाच हप्ता सुरू होण्याआधीची सवलतीची मुदत मागून घ्या.

आणि खेळतं भांडवल? दालमिल उभी राहिली, पण तूर विकत घ्यायला पैसे नाहीत, अशी मशीन नुसती शोभेला. तुरीची आवक मुख्यतः जानेवारी ते मार्चमध्ये होते. त्या तीन महिन्यांत माल भरायला वेगळी मर्यादा बँकेकडून मंजूर करून घ्या. छोट्यावर सुरुवात करायची असेल, तर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली पीकेव्ही मिनी दालमिल बघून या. विकत घ्यायच्या आधी चालू असलेल्या मिलवर एक पूर्ण दिवस उभे राहा. भरड किती निघते, चुनी कोण घेतो, वीजबिल किती येतं, हे तिथेच कळेल.

इथे पहिल्या पायरीचा संबंध लक्षात आला का? तुमच्या शेतातली आणि शेजारच्या चार शेतकऱ्यांची तूर दुष्काळी वर्षातही थोडीफार आली, तर मिल बंद पडत नाही. शेततळ्यातली ती दोन पाणी तुमचा हप्ता भरतात. म्हणून शेजाऱ्यांनाही पाण्याच्या योजना सांगा, त्यांचे अर्ज भरून द्या. त्यांच्या शेतात पाणी टिकलं तर तुमच्या मिलला माल टिकतो.

बँकेने नाही म्हटलं तर?

नाही म्हणणं हा बँकेचा अधिकार आहे, पण कारण सांगणं तिचं काम आहे. तोंडी उत्तर घेऊन घरी येऊ नका. अर्जाची पोच घ्या आणि नकाराचं कारण लेखी मागा. कारण समजलं की दुरुस्ती करता येते: कागद अपुरे, जुनं कर्ज थकीत, अहवालात विक्रीचा अंदाज अवाजवी, नाहीतर तुम्हाला त्या कामाचा अनुभव नाही.

अर्ज नुसताच पडून असेल, तर आधी बँकेच्या तक्रार विभागात लेखी तक्रार, मग अग्रणी बँक व्यवस्थापक. महिनाभरात उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. लोकपाल कर्ज मंजूर करून देत नाही, पण विनाकारण लावलेल्या उशिराचा जाब विचारला जातो.

एक सावधगिरी. कर्जाला जमीन तारण दिली की सातबाऱ्यावर बोजा चढतो. कर्ज फिटल्यावर बँकेचा दाखला घेऊन तो बोजा कमी करून घ्या. कित्येक सातबाऱ्यांवर फिटलेल्या कर्जाचे बोजे वर्षानुवर्षं तसेच पडून असतात आणि नवीन कर्जाच्या वेळी आडवे येतात.

सात दिवसांचं काम

वाचून सोडून देऊ नका. हे करा.

पहिला दिवस: सातबारा, आठ-अ काढा. जुना बोजा, चुकीचं नाव, विहिरीची नोंद तपासा.

दुसरा दिवस: फार्मर आयडी आणि आधार जोडलेलं बँक खातं तपासा.

तिसरा दिवस: शेतात फिरा. पाणी कुठून येतं, कुठून निघून जातं, माती कुठे वाहते, कागदावर नकाशा काढा. घरातल्या जुन्या माणसांना बरोबर घ्या, त्यांना ओघळ माहीत असतात.

चौथा दिवस: मातीचा नमुना तपासणीला द्या आणि वर दिला तसा पाण्याचा ताळेबंद मांडा.

पाचवा दिवस: सहायक कृषी अधिकाऱ्यांना भेटा. "कुठली योजना चालू आहे" असं विचारू नका. "माझी ३ एकर जमीन आहे, पाणी उतारावरून निघून जातं, मला हे काम करायचंय, कुठल्या घटकात बसेल?" असं विचारा. उत्तर वेगळं मिळतं, करून बघा.

सहावा दिवस: महाडीबीटीवर एकाच गरजेच्या घटकाचा अर्ज करा. दहा ठिकाणी करू नका.

सातवा दिवस: बँकेत जाऊन आपलं पीक कर्ज खातं नियमित आहे का, पुढची फेडीची तारीख कुठली, ते विचारा. ती तारीख घरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा.

दालमिलचा, फळप्रक्रियेचा, गोदामाचा विचार आठव्या दिवशी सुरू करा. तोपर्यंत तुमच्याकडे नकाशा असेल, पाण्याचा हिशोब असेल आणि स्वच्छ सातबारा असेल. बँकेच्या खुर्चीत बसून बोलताना या तीन कागदांची ताकद तुमच्या लक्षात येईल.

तिसऱ्या दिवशीचा नकाशा काढलात की अडलेला प्रश्न खाली लिहा. गाव, क्षेत्र आणि पाण्याचा स्रोत एवढं जरूर सांगा, म्हणजे उत्तर नेमकं देता येईल. चला तर मग, कामाला लागा!